माझ्या आतड्यातल्या पिशव्या

माझं पोट आतून कसं दिसतं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. ही गोष्ट आजवर किती जणांना सांगितली त्याला गणती नाही, आणि दर वेळी सांगताना मला तेवढाच हुरूप येतो. नवरा म्हणतो, "लोकं काशीला जाऊन आल्यावर सांगत नाहीत एवढं तू सांगतेस." सांगणारच! काशीला पुष्कळ लोक जातात. स्वतःच्या आतड्यात किती जण जाऊन येतात?

मी एसटीत कंडक्टर. माहेर देवगाव रंगारीजवळचं, मेंढरं राखणारं घर. मी नोकरीला लागले तेव्हा बाई कंडक्टर बघायला लोक गाडीच्या खिडक्यांपाशी उभे राहायचे. आमचे आबा तर माझ्या पहिल्या फेरीला मेंढरं भावकीतल्या एकाच्या हवाली करून गाडीत येऊन बसले. काम काहीच नव्हतं. माझ्याकडून तिकीट घेतलं, औरंगाबादला उतरले, चहा प्यायले आणि त्याच गाडीनं परत गेले. जाताना पुन्हा तिकीट. गाडीतल्या लोकांना सांगत होते, "पोरगी हाय माझी. मला बी फुकट सोडीत नाय."

तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे. पुढं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण स्टँडवर ओरडताना तोंडातून जुनंच नाव बाहेर पडायचं. ही हकिगत पाट्या बदलायच्या थोडी आधी सुरू झाली आणि नंतरपर्यंत चालली.

माहेरी आम्ही ज्वारीची भाकरी, घोळाची भाजी, हुलग्याचं माडगं असलं खाऊन वाढलो. नोकरीत ते सगळं मागं पडलं. पहाटेची ड्यूटी असली की चहाबरोबर टोस्ट, मग स्टँडवर वडापाव, दुपारी पोहे नाहीतर खारी. पाणी मी घोटभरच प्यायची, कारण गाडी एकदा निघाली की मुक्काम येईपर्यंत उतरायची सोय नाही. परसाकडं जायची भावना झाली तरी दाबून ठेवायची. कोठा कधी साफ होत नव्हता आणि ते मी अंगवळणी पाडून घेतलं होतं.

मग डावीकडं, बेंबीच्या खाली, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला दुखायला लागलं. कुणीतरी मुठीत धरून पिळावं तसं. परसाकडं होऊन आलं की थांबायचं, पुन्हा काही दिवसांनी सुरू. ज्याला सांगावं तो म्हणायचा गॅस. ओवा खाल्ला, हिंग लावला, हिरडा चघळला. कितीतरी वर्षं मी त्या जागेला मनातल्या मनात गॅसचं घर म्हणत होते.

एके दिवशी सकाळी ड्यूटीला निघायच्या आधी मी संडासला गेले. पोटात कळ नाही, जळजळ नाही, काही म्हणता काही नाही. आणि बघते तर सगळं लाल. थोड्या वेळानं पुन्हा तसंच, पहिल्यापेक्षा जास्त. उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी कडी धरून नवऱ्याला हाक मारली.

त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. माणूस शांत, पण त्या दिवशी तो चपला न घालताच रिक्षा आणायला पळाला. रिक्षात दोघांच्याही मनात एकच शब्द होता आणि तो आधी कोण उच्चारतंय याची दोघांनाही धास्ती होती. माझी चुलती त्याच शब्दानं गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. माझ्याच वयाच्या, बारीक चणीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला आणि बोलणं एक्स्प्रेस गाडीसारखं. सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं आणि माझ्या पोटावर हात ठेवून विचारलं, "दुखतंय?"

"नाय."

"अजिबात?"

"अजिबात नाय. एवढं रक्त गेलं, पण दुखलं म्हणून नाय."

त्यांचा चेहरा एकदम जागा झाला. मी विचारलं, "हे चांगलंय का वाईट?"

"हे उपयोगी आहे," त्या म्हणाल्या. "डोकं चालवायला उपयोगी."

दुपारपर्यंत रक्त आपोआप थांबलं. त्या म्हणाल्या, असं पुष्कळदा होतं, पण आलं कुठून ते बघितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही. कॅमेऱ्याची नळी खालून आत घालून सगळं मोठं आतडं बघायचं. लाज वाटायच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं, "मला बी दिसंल का?"

"झोपेचं इंजेक्शन हलकं देते. जागं राहायची तयारी असेल तर पडदा तुमच्याकडं वळवते."

त्याच्या आधी आतडं धुवायचं औषध प्यावं लागतं. पावडर पाण्यात कालवून जगच्या जग. खारट, गुळमट, तेलकट, सगळं एकदम. पहिला पेला उत्साहानं, दुसरा नाक दाबून. त्यानंतर जे सुरू झालं ते काय सांगावं! मी खाटेवर टेकायची आणि पुन्हा पळायची. नवरा दाराबाहेरून विचारायचा, "झालं का?" मी आतून, "कसलं होतंय!" शेजारच्या खाटेवर एक म्हातारी खालाजान होत्या, त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, "नक्को घबरा बेटी, सब निकल जाने दे. घर झाडे बगैर मेहमान कू बुलाते क्या?" आयुष्यात पहिल्यांदा माझा कोठा साफ झाला होता!

दुसऱ्या दिवशी मला कुशीवर झोपवलं. इंजेक्शननं डोळे जड झाले, पण मी ते मिटू दिले नाहीत. पडदा वळवला आणि आत उजेड पडला.

मला वाटलं होतं काळंबेरं, घाणेरडं काहीतरी दिसंल. तिथं तर गुलाबी, ओली, चकाकणारी भिंत! तिच्यावर बारीक लाल शिरा, पिंपळाच्या पानावर असाव्यात तशा. एकामागं एक कडी, आणि मधनं वाट. नळी सरकली की पुढची कडी हळूच उघडायची. पोटात थोडं फुगल्यासारखं, ताणल्यासारखं होत होतं, पण मला त्याचं भान कुठं होतं! हे माझं आहे, हे मी जन्मापासून बरोबर घेऊन फिरतेय आणि आज बघतेय, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात भिंतीत भोकं दिसली. एक, मग त्याच्या शेजारी दुसरं, मग पुढं चांगली तीनचार एका ओळीत. गोल, काठ गुळगुळीत, आत अंधार.

"हे काय?" मी जीभ जड झालेली असताना विचारलं.

"हेच मी शोधत होते!" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला होता. आनंदानं, हे मला तशा अवस्थेतही कळलं. "भोकं नाहीत ती. पिशव्यांची तोंडं आहेत. थांबा, आधी पुढचं सगळं बघू. मग सांगते."

नळी पार उजव्या टोकापर्यंत गेली आणि बघत बघत माघारी आली. मी टक लावून बसले होते, म्हणजे पडले होते. दुसरीकडं कुठं गाठ नाही, जखम नाही.

नंतर खाटेपाशी येऊन त्यांनी नवऱ्यालाही बसवलं आणि माझ्या उशीच्या अभ्र्यावर बोटानं आतडं काढून दाखवलं. आतड्याच्या भिंतीला आतून मऊ अस्तर असतं आणि बाहेरून स्नायूंचा थर. त्या थरातून रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि जिथून शिरतात तिथं भिंत जराशी कच्ची असते. मळ खडा झाला की तो पुढं ढकलायला आतड्याला जोर करावा लागतो, आतला दाब वाढतो. वर्षानुवर्षं असं चाललं, त्यात वय वाढलं, की कच्च्या जागेतून आतलं अस्तर बाहेरच्या बाजूला फुगतं. ती झाली पिशवी. डाव्या बाजूला आतडं अरुंद, दाब जास्त, म्हणून बऱ्याच जणांना तिथंच.

"आणि रक्त?" नवऱ्यानं विचारलं.

"रक्तवाहिनी त्या पिशवीच्या कडेनंच जाते. ताणून पातळ होते. एखाद्या दिवशी फुटते. दुखत नाही, नुसतं रक्त येतं."

"म्हणजे..." त्याला पुढचं बोलता येईना. शेवटी तो शब्द डॉक्टरीणबाईंनीच उच्चारला. "नाही. कॅन्सर नाही. याला डायव्हर्टिक्युलोसिस म्हणतात. पुष्कळांना असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जन्मात कळतही नाही."

नवरा उठून खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी मात्र ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. डाय-व्हर-टि-क्यु-लो-सिस. वर्षानुवर्षांच्या गॅसच्या घराला नाव होतं! इतकं लांब, इतकं भारदस्त नाव! मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

डॉक्टरीणबाईंनी आतले फोटो छापून दिले. ते घेऊन मी पहिली गावाकडं गेले. आबांनी फोटो उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"मेंढराचं आतडं लई बघितलं," ते म्हणाले, "पण जित्या माणसाचं, अन् ते बी आपल्या पोरीचं!"

बघता बघता आळी गोळा झाली. शेजारची एक म्हातारी माझ्यावर चिडली, "झाकून ठिव की गं. आतडं काय चारचौघांत दाखवायचं अस्तं व्हय?" पण मान लांब करून फोटो तिनंही बघितलाच. मी सगळ्यांना पिशव्यांची तोंडं दाखवली, दाब कसा येतो ते सांगितलं. आबांनी विचारलं, "मग ह्या पिशव्या बुजवीत का न्हाईत?"

"त्या बुजत नसत्यात, आबा. हाय तशा ऱ्हात्यात. मळ मऊ ठिवायचा, पानी प्यायचं, भाजी-भाकर खायची. म्हंजी जोर पडत नाय."

"भाकर?" आबा ताठ झाले. "ती तर आपण आधीपासनंच खातो की! तूच सोडली व्हतीस." आणि त्यांनी आईला चूल पेटवायला सांगितलं.

डेपोत तर मी कहरच केला. ज्यांच्याबरोबर माझी जास्त ड्यूटी लागायची ते ड्रायव्हरभाऊ ते नाव ऐकून म्हणाले, "डावा टिक्कू? हां, डावीकडंच हाय न्हवं? मग बराबर हाय." तेव्हापासून डेपोत माझ्या दुखण्याचं नाव डावा टिक्कू. गाडीत चढायच्या आधी ते रोज विचारायचे, "ताई, डावा टिक्कू काय म्हणतोय?"

उत्साहात माणूस अति करतो, तसं मीही केलं. गव्हाचा कोंडा चांगला आहे म्हटल्यावर मी पहिल्याच दिवशी वाटीभर कोंडा ताकात कालवून खाल्ला. संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं! त्यातच शेजारणीनं सांगितलं की बिया त्या पिशव्यांत अडकतात. झालं, पेरू बंद, तीळ बंद, टोमॅटो बंद, वांगंसुद्धा बंद. मी ताटात बिया शोधत बसायची. पुढच्या वेळी दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई खो खो हसल्या.

"कोंडा, भाज्या, जे वाढवायचं ते हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं. आणि त्याच्याबरोबर पाणी. पाणी नसेल तर कोंडा उलटा घट्ट बसतो. आणि बियांचं भय सोडून द्या. पूर्वी डॉक्टरही तसंच सांगायचे. नंतर अभ्यास झाले, त्यात बियांमुळं त्रास वाढतो असं काही दिसलं नाही."

"मग पेरू?"

"खा की!"

दवाखान्याच्या दारातच गाडीवाल्याकडून मी पेरू घेतला, तिखटमीठ लावून, आणि फुटपाथवर उभी राहून देठापर्यंत खाल्ला.

वर्षभर सगळं छान चाललं. मग एका दुपारी सिल्लोडहून येणाऱ्या गाडीवर माझी ड्यूटी होती. सकाळपासून अंगात कसर होती. फुलंब्रीला गाडी थांबली तोवर डावीकडं दुखायला लागलं. पण हे नेहमीचं पिळणं नव्हतं. एकाच जागी धरून बसलं होतं, सुटतच नव्हतं, आणि गाडीनं खड्डा घेतला की जीव कळवळायचा. अंगाला हात लावला तर ताप.

ड्रायव्हरभाऊंनी मागं वळून बघितलं. "ताई, अपेंडिक्स असंल. माझ्या मेव्हण्याला असंच झालं व्हतं."

"अपेंडिक्स उजवीकडं असतं, भाऊ!" मी सीटच्या दांडीला धरून ओरडले. "ह्ये डावीकडं हाय! पिशवी सुजली असंल!"

खोटं कशाला सांगू, एवढ्या कळा येत असतानाही मला जोर चढला होता. काय होतंय ते मला माहीत होतं! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: डावीकडं सतत दुखलं आणि ताप आला तर घरी बसायचं नाही, हिंग लावत बसायचं नाही, सरळ यायचं. सगळं तस्संच घडत होतं.

एका कॉलेजच्या पोरीनं तिची जागा मला आडवं व्हायला दिली. चौक्याचा घाट उतरताना ड्रायव्हरभाऊंनी गाडी अशी चालवली की जशी काचेची भांडी भरली असावीत. शहरात स्टँडवर नवरा रिक्षा घेऊन उभाच होता, फोन आधीच गेला होता.

दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना बोलूच दिलं नाही. "डावीकडं दुखतंय, सतत, ताप हाय, रक्त नाय. पिशवी सुजली ना?"

त्यांनी पोट हलकेच दाबलं आणि मी किंचाळले. "तसंच वाटतंय," त्या म्हणाल्या, "पण मशीनमधून बघितल्याशिवाय शिक्का मारायचा नाही." मला सीटी स्कॅनच्या त्या गोल मशीनमध्ये घातलं. निघालं तेच! एका पिशवीला सूज आली होती, ती आजूबाजूलाही पसरली होती, पण पिशवी फुटली नव्हती आणि पूही झाला नव्हता.

"डायव्हर्टिक्युलोसिस म्हणजे नुसत्या पिशव्या आहेत," त्यांनी सांगितलं. "आता झालंय त्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणायचं. पिशवीला सूज."

नवरा आता त्यांना सरावला होता. म्हणाला, "मॅडम, तेवढा तुकडा कापूनच टाका की. वायर जळाली की आम्ही तेवढी बदलतो."

"कापतातही. पिशवी फुटली, वाट बंद झाली, किंवा त्रास पुन्हा पुन्हा होऊन माणूस बेजार झाला तर. यांचं औषधानं बरं होईल असं दिसतंय. उगाच कशाला पोट उघडायचं?"

आणि झालं बरं. सलाईनमधून औषधं दिली, सुरुवातीला नुसतं पाणी, डाळीचं पाणी, पेज. मी विचारलं, भाकरी का नाही? तर आतडं सुजलेलं असताना त्याला जड काम द्यायचं नाही, सूज उतरली की हळूहळू पुन्हा भाजी-भाकरीवर यायचं. हेही मला नवीन होतं. एकच गोष्ट एका वेळी वर्ज्य आणि दुसऱ्या वेळी औषध! ताप उतरला त्या सकाळी मला इतकी भूक लागली की पेजेचा वाडगा मी बोटानं पुसून खाल्ला. आबा भेटायला आले होते, ते वाडग्याकडं बघून म्हणाले, "खाती म्हंजी जगती."

मी पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले. पाण्याची मोठी बाटली आता तिकिटाच्या मशीनइतकीच बरोबर असते, आणि गाडी मुक्कामाला लागली की मी आधी हक्कानं बाथरूम गाठते, मग बाकीचं. ड्रायव्हरभाऊ माझ्यासाठी थांबतात. कुणी पॅसेंजर कुरकुरला तर सांगतात, "डाव्या टिक्कूचं काम हाय. घाई नाय करायची."

मागच्या हिवाळ्यात मी दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "एक काम कराल? आत एक बाई बसल्यात, पैठणच्या. कॅमेऱ्याची तपासणी करायचीय, रक्त जातंय. पण त्या औषध प्यायलाच तयार नाहीत. मी सांगून थकले. त्यांना विचारलं, तपासणी झालेल्या एका बाईंशी बोलणार का, तर हो म्हणाल्या."

आत खाटेच्या कडेला एक बाई डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसल्या होत्या. पैठण्या विणणाऱ्या. शेजारी जगमध्ये औषध कालवून ठेवलेलं, त्याला हात लावलेला नव्हता. मी शेजारी जाऊन बसले.

"मला नाय करायचं," त्यांनी मी काही बोलायच्या आतच सांगितलं. "लाज वाटती. अन् आत काय निघंल कुणाला ठावं."

"मला बी तेच वाटत व्हतं," मी म्हणाले आणि सुरू झाले. रिक्षा, औषधाचे जग, पळापळ, दाराबाहेरचा नवरा, सगळं सांगितलं. नवऱ्याच्या "झालं का?"ला त्या पहिल्यांदा हसल्या. पदर जरा ढिला झाला.

"खरंच दिसतं? आपलं आपल्याला?"

"खरंच. डोळं मिटू नका फकस्त. अन् डाक्टरीणबाईंना सांगा पडदा हिकडं करा म्हणून."

त्यांनी औषधाच्या जगकडं बघितलं. "लई वंगाळ लागतं?"

"लई. नाक दाबा."

मी पेला भरून दिला, त्यांनी नाक दाबून घेतला. दुसरा मी न सांगता घेतला. मी निघताना त्या बाथरूमकडं धावत होत्या आणि धावता धावता मला हात करत होत्या.

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची ड्यूटी होती, म्हणून सकाळीच पुन्हा गेले. मला राहवलंच नसतं. त्या खाटेवर पडल्या होत्या, इंजेक्शनची गुंगी थोडी बाकी होती. डॉक्टरीणबाईंनी आतडं साफ असल्याचं सांगितलं होतं. रक्त मूळव्याधीचं निघालं, औषधानं बरी होण्यातली.

मला बघताच त्या उठून बसायला लागल्या. "बाई, दिसलं मला! समदं दिसलं!"

"मग? मी म्हणले नव्हते?"

त्यांनी माझा हात धरला आणि जवळ ओढून हळू आवाजात, जसं काही कुणी ऐकून रंग चोरून नेईल, सांगितलं, "तसला गुलाबी आमाला रेशमात अजून एकदा बी जमला नाय."